निर्धास्तच्या खिडक्या

एका खाडीकाठच्या गावात एक भोळा धाकू होता. भोळा म्हणजे किती? त्याला कुणी म्हटलं, 'जरा थांब,' तर पुन्हा 'चल' म्हणेपर्यंत तो तिथेच थांबायचा. एकदा वरातीत असाच थांबला होता. वरात गेली, लग्न लागलं, नवरीला पहिलं मूल झालं, मग कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणतात. हे लोक वाढवून सांगतात. चार दिवसच थांबला होता.

धाकूला एक आत्या होती, येसूआत्या. आणि आत्याची एक लाँच होती, निर्धास्त. खाडीतल्या बाकी सगळ्या होड्या लाकडी. ही एकटी लोखंडी. आत्याच्या यजमानांनी ती कुठल्याशा बंदरातून जुनी उचलून आणली होती. पुढे यजमान गेले आणि लाँच राहिली. अलीकडची माणसं पलीकडे आणि पलीकडची अलीकडे नेऊन आत्या आपलं घर चालवत होती.

पण गेल्या वर्षी बंदराचे साहेब तपासणीला आले आणि कागदावर लिहून गेले, 'खिडक्या गळतात.' जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी गळल्या तर परवाना नाही."

परवाना नाही म्हणजे लाँच नाही. भंगारवाला तर दोनदा येऊन निर्धास्तला डोळ्यांनी जोखून गेला होता. येताना पेढेही घेऊन आला होता मेला.

शहरातला मेस्त्री म्हणाला, "दिवाळीनंतर बघू." तपासणी आली सोमवारवर. आत्याने हिशेब केला. डोकं आपलं, हात धाकूचे. घरच्या घरी काम होईल. डोक्याने सांगायचं, हातांनी करायचं. यात चुकण्यासारखं काय आहे?

लाँच भरतीला किनाऱ्यावर ओढून ओंडक्यांवर बसवली. बुधवारी काम सुरू झालं.

आत्या म्हणाली, "धाकू, खिडक्यांना चिकटलेलं ते जुनं रबर दिसतंय ना? ते सगळं काढ. चिकटलेलं म्हणून काही ठेवू नकोस."

"बरं, आत्या."

धाकूने रबर काढलं. मग इकडेतिकडे पाहिलं. आत गणपतीचं चित्र चिकटलेलं होतं. ते नमस्कार करून काढलं. 'थुंकू नये' चिकटलेलं होतं, तेही काढलं. बाहेर रंगवलेला लाँचचा नंबर होता, तो तर फारच चिकटलेला. त्याला दुपार लागली.

आत्याने पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"अरे मेल्या, नंबर खरवडलास? चिकटलेला असतो तो काही कारणाने असतो! घट्ट बसलंय त्याला हात लावू नये, एवढं कळत नाही?"

"आता कळलं, आत्या."

"मनाशी खूणगाठ बांध!"

मनाला गाठ कशी मारायची ते धाकूला ठाऊक नव्हतं. त्याने खांद्यावरच्या पंच्याला मारली. पहिली गाठ : घट्ट बसलंय त्याला हात लावायचा नाही. आत्याने उरलासुरला रंग घेऊन नंबर पुन्हा काढला.

गुरुवारी आत्या म्हणाली, "आज खिडक्यांखालचा गंज काढ आणि रंग मार."

धाकू गंजापाशी गेला. नखाने टोकरून पाहिलं. हलेना. ब्रशचं मागचं टोक मारून पाहिलं. हलेना. गंज चांगला घट्ट बसला होता. धाकूने पंच्याची गाठ चाचपली, गंजाला तसाच राहू दिला आणि वरून छान निळा रंग मारला.

दुपारी ऊन तापलं. रंगाला फोड आले. संध्याकाळी तो भाजलेल्या पापडासारखा सुटून पडला आणि खालचा गंज होता तसा वर आला.

शेजारी आंतोन मेस्त्री आपली लाकडी होडी डागडुजीला घेऊन बसला होता. तो म्हणाला, "येसूबाय, रंग मारलास की पापड घातलेस?"

आत्या त्याच्यावर रागावू शकत नव्हती. ती धाकूवर रागावली.

"गंज झाकायचा नसतो रे! तारेचा ब्रश घ्यायचा आणि घासत सुटायचं. आतलं चकचकीत दिसेपर्यंत थांबायचं नाही!"

"मग घट्ट बसलेला असला तरी?"

"असला तरी!"

दुसरी गाठ : आतलं दिसेपर्यंत घासायचं. थांबायचं नाही. धाकूने लगेच घासायला घेतलं, आणि खरं सांगायचं तर गंजाचं काम उत्तम झालं. आत्याला जरा बरं वाटलं. तिथेच तिची चूक झाली.

शुक्रवारी ती म्हणाली, "आज फक्त काचा स्वच्छ कर. वर्षाची खारट राप बसलीय त्यांच्यावर. बाहेरून आतलं काही दिसत नाही."

आतलं दिसत नाही? धाकूने दुसरी गाठ चाचपली आणि तारेचा ब्रश घेतला.

घासलं. काच जरा पांढुरकी झाली. अजून घासलं. आणखी पांढरी झाली. जितकं घासावं तितकं आतलं कमी दिसे. म्हणजे राप किती आत मुरली असेल! धाकूला आत्याची दया आली. त्याने जेवण सोडलं आणि सहाच्या सहा काचा दोन्ही अंगांनी घासल्या. संध्याकाळी त्या न्हाणीघराच्या काचांसारख्या दिसू लागल्या. आत माणूस आहे की म्हैस, बाहेरून कळायला मार्ग नाही.

आत्या रडायचीच बाकी होती.

"काचेला तारेचा ब्रश? काच म्हणजे काय पातेलं आहे? आधी पाणी मारून ओलं करायचं रे राजा. घासायचं काहीही असो, आधी ओलं करून घ्यायचं. हात लावायच्या आधी ओलं!"

"आधी ओलं," धाकू म्हणाला आणि तिसरी गाठ मारली.

नव्या काचा आणायला वेळ नव्हता. आत्याने मनाची समजूत घातली. साहेबांच्या कागदावर 'गळतात' लिहिलंय, 'दिसत नाही' कुठे लिहिलंय?

शनिवारी सिलिकॉन लावायचं होतं. काचा काढून चौकटीच्या कडेला नळीतून सिलिकॉन भरायचं, त्यावर काच दाबून बसवायची. धाकूने तिसरी गाठ चाचपली आणि आधी चौकटीवर पाणी मारलं. एक बादली. नीट ओलं व्हावं म्हणून दुसरी. मग सिलिकॉन भरलं आणि काच दाबली. काच क्षणभर राहिली. मग तोंडातली जिलबी सुटावी तशी अलगद सुटली आणि खालच्या चिखलात जाऊन उभी रुतली.

"ओल्यावर चिकटतं होय रे कधी?" आत्या ओरडली. मग तिला वाटलं, एकेक सांगण्यात अर्थ नाही, एकदाच काय ते सगळं सांगून टाकावं. तिने धाकूला समोर बसवलं. "नीट ऐक. जागा कोरडी खडखडीत कर. दिसेल ती फट बुजव. कुठलीही फट ठेवू नकोस. आणि एकदा लावलंस की चोवीस तास कुणाला म्हणून हात लावू देऊ नकोस. अगदी मलासुद्धा! कळलं?"

"कळलं. काही लावलं की चोवीस तास."

चौथी गाठ जरा मोठी झाली.

आणि काय सांगावं, धाकूने काम केलं! सहाही काचा अशा बसवल्या की आंतोन मेस्त्री उठून बघायला आला. "येसूबाय, पोराच्या हातात कला आहे," तो म्हणाला. "डोक्यात नाही ते सोड."

धाकूने दाराची फट पाहिली, तीही बुजवली. खाली जमिनीच्या पत्र्यात पाणी वाहून जायची दोन भोकं होती. फटीच त्या, जरा गोल. बुजवल्या. मग टपावरच्या झाकणातून तो बाहेर आला.

आत्या कौतुकाने पुढे झाली आणि तिने खिडकीकडे बोट नेलं. धाकूने त्या बोटावर फाडकन चापटी मारली.

"मलासुद्धा, म्हणाली होतीस."

आत्याने बोट चोळलं आणि पहिल्यांदाच हसली. आता सोमवार आला तरी चालेल, असं तिला वाटलं. रविवारी बहिणीच्या घरी नातवाचं बारसं होतं. ती म्हणाली, "मी उद्या जाऊन परवा सकाळी साहेबांच्या आधी येते. तू काही करू नकोस. फक्त लक्ष ठेव. खिडक्या गळता कामा नयेत."

रविवारी धाकूने लक्ष ठेवलं. सकाळभर काहीच झालं नाही. मग तो टपावरच्या झाकणातून आत उतरला आणि तिसऱ्या खिडकीला नाक लावून बघत राहिला. आत भट्टीसारखं उकडत होतं. बघता बघता चौकटीवर टप्पकन एक थेंब पडला.

गळतेय! त्याने कपाळ पुसलं आणि पुन्हा वाकला. पुन्हा टप्प! कपाळ पुसलं की थांबे, वाकलं की गळे. अशी लबाड गळती त्याने कधी पाहिली नव्हती. परवाना जाणार. भंगारवाला पेढे आणणार. आत्या काय खाणार?

तो धावत बाहेर आला. आंतोन मेस्त्रीची होडी किनाऱ्यावर होती आणि ती काठोकाठ पाण्याने भरलेली होती.

"आंतोनमामा, तुमची होडी बुडली!"

"बुडली नाही रे. उन्हात सुकून फटी पडल्या होत्या, म्हणून मीच पाणी भरून ठेवलंय. दोन दिवसांत फुगेल आणि फटी आपोआप मिटतील." आंतोनने विडी पेटवली. "गळणाऱ्या होडीला पाण्यासारखं औषध नाही, पोरा. माझ्या आज्यापासून चालत आलंय."

आज्यापासून! धाकूने पाचवी गाठ मारली. आता पंच्याला गाठीच होत्या, पंचा नव्हता.

आंतोन चर्चला गेला. निर्धास्तवर आतलं पाणी बाहेर फेकायचा एक पंप होता. त्याचा एक पाइप आत असे, एक बाहेर. धाकूने बाहेरचा आत टाकला आणि आतला खाडीत. पंप बिचारा हुकमाचा ताबेदार. धाकूसारखाच. दिवे लागेपर्यंत त्याने आत पाणी फेकलं. पाणी बाकांवर चढलं, खिडक्यांवर चढलं, छताला टेकलं. बाहेर एक थेंब आला नाही. धाकूने टपावरचं झाकण लावलं आणि लाँचच्या पोटावरून हात फिरवला.

"फुग गं बाई," तो म्हणाला. "सकाळपर्यंत फुग."

सोमवारी आत्या आणि साहेब एकाच वेळी आले. साहेब म्हणजे करंबेळकर साहेब. पांढरी पँट, पांढरा शर्ट, बगलेत फाईल. साहेबांचा नियम होता की कागदावर आहे ते बघायचं. कागदावर नाही ते नाहीच.

आत्याला लाँच जरा खाली बसल्यासारखी वाटली. ओंडके चिखलात हातभर रुतले होते. "काय रे, ही अशी का दिसते?" ती हळूच म्हणाली.

"फुगतेय," धाकूही हळूच म्हणाला.

पुढे विचारायला वेळ मिळाला नाही. साहेबांनी कागद काढला. "गेल्या वर्षीचा शेरा, खिडक्या गळतात. बाकी काही शेरा नाही." त्यांनी खिडक्यांपाशी जाऊन पाहिलं. "काचा अशा धुरकट का?"

"उन्हाचा त्रास होतो ना लोकांना," आत्या घाईने म्हणाली.

साहेबांनी तांब्याभर पाणी मागवलं, खिडकीवर मारलं आणि कडेवरून बोट फिरवलं. धाकूने चापटी मारायला हात उचलला, पण चोवीस तास होऊन गेले होते. त्याने हात खाली घेतला.

"पाणी आत जातंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब," धाकू म्हणाला. "आत आता जागाच नाही."

साहेब खूश झाले. "वा! असं ठाम उत्तर हवं." आणि तिथेच फाईलवर कागद ठेवून त्यांनी सही केली, शिक्का मारला. एक वर्षाचा परवाना.

आत्याने कागद कपाळाला लावला. तिचे डोळे भरून आले. "धाकू, जा, हा दर्शनी भागी लाव. नीट लाव बाबा, वाऱ्याने उडता कामा नये."

धाकूने पुढच्या काचेवर अख्खी नळी पिळली आणि कागद त्यात दाबून बसवला.

"ऊन फार आहे," साहेब घाम पुसत म्हणाले. "आत सावलीत बसून चहा घेऊ." आणि ते दाराकडे वळले.

"आत?" धाकू म्हणाला. "आत बसायला..."

"मध्ये बोलू नकोस रे," आत्या म्हणाली.

धाकू बाजूला सरला.

साहेबांनी कडी काढली आणि दार ओढलं. निघेना. साहेबांनी दोन्ही पाय रोवले आणि जोर लावला.

मग दार निघालं.

त्यामागून अख्खी निर्धास्त बाहेर आली. पाणी आलं, बाकांच्या गाद्या आल्या, चार बोय मासे आणि एक खेकडा आला, आणि या सगळ्यांच्या पुढे साहेब. ते उतारावरून चिखलात गेले, चिखलातून आणखी खोल चिखलात गेले, आणि थांबले तेव्हा त्यांच्यात आणि खाडीत फरक करणं कठीण होतं. फक्त दोन डोळे उघडझाप करत होते.

आत्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आंतोन मेस्त्रीच्या ओठांतून विडी पडली.

"परवाना!" चिखलातून आवाज आला. "तो कागद आणा इकडे! आत्ताच्या आत्ता फाडतो!"

आत्याने धाकूकडे पाहिलं. धाकूने कागदाकडे पाहिलं, पहिली गाठ चाचपली, मग चौथी चाचपली.

"नाही जमायचं, साहेब," तो नम्रपणे म्हणाला. "घट्ट बसलंय त्याला हात लावायचा नाही. आणि आज लावलेलं तर चोवीस तास कुणालाच नाही. अगदी आत्यालासुद्धा नाही."

आत्याने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली.

तिथे थांबला असता तर धाकू त्या दिवशी शहाणा ठरला असता. पण त्याला साहेबांची दया आली. एवढा पांढराशुभ्र माणूस, आता कुठेच दिसेना. पंच्याने पुसावं म्हटलं, तर पंचा सगळा गाठीच गाठी. म्हणून धाकूने बादली भरली आणि आधी ओलं करून घेतलं. साहेब किंचाळले. मग त्याने तारेचा ब्रश उचलला.

"हलू नका, साहेब," तो मायेने म्हणाला. "आतलं चकचकीत दिसेपर्यंत मी थांबणार नाही."