दोन मात्रांचा विराम

दुपारचे पावणेचार. मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीमागे, अंतूबुवा टेंगशे यांची पुढची खोली.

"पण तिथंच का थांबायचं, बुवा?"

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला नाही.

विचारणारे डॉक्टर निरंजन हळबे. बुवांचे पट्टशिष्य, निदान त्यांच्या स्वतःच्या मते. पुण्यात प्राध्यापक होते आणि बुवांचं चरित्र व पत्रव्यवहार असा जाडजूड ग्रंथ त्यांनी सिद्ध केला होता. प्रकाशक होतं गावातलंच श्रुतिविलास संगीत मंडळ. प्रकाशन रविवारी, मंडळाच्याच सभागृहात. अडलं होतं ते बुवांच्या संमतीपत्रावरच्या सहीपाशी. मंडळाची सगळी मंडळी वाट बघत होती, आणि निरंजनने "सही मी आणतो" असं चारचौघांत सांगून ठेवलं होतं.

"भीमपलासातली ती चीज," तो म्हणाला. "ढरन लाग्यो दिन, छाँव बढी आँगन. 'दिन'नंतर दोन मात्रा आपण गप्प बसतो. आपल्या शिष्यपरंपरेची ती ओळख आहे. प्रस्तावनेत मी त्यावर बारा पानं लिहिलीत."

"बारा?"

"चीज शेवंताबाई कवठेकरांची. तुम्ही ती लिहून घेतलीत. पण तो विराम तुमचा, असं मी मांडलंय. मावळत्या दिवसाचं मौन... तुमच्यातल्या रचनाकाराचा स्पर्श. तुमच्या तोंडून एक वाक्य मिळालं, तर प्रस्तावना पुरी होईल."

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"आजवर सगळे मुकाट्यानं थांबत आले," ते म्हणाले. "का थांबायचं, हे तूच पहिला विचारतोयस. तेही बारा पानं लिहून झाल्यावर."

निरंजन हसला. कौतुक आहे की टोमणा, हे त्याला ठरवता आलं नाही, म्हणून त्यानं कौतुक धरलं.

"गा," बुवा म्हणाले.

निरंजनने तंबोऱ्याकडे हात नेला.

"तो राहू दे. उभा राहून गा. तिथं, उंबऱ्याबाहेर."

"बाहेर? ऊन आहे बुवा."

"आहे खरं."

निरंजन उठला. गुरूंच्या लहरी त्यानं पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणात घातल्याच होत्या, त्यात आणखी एक. चपलांच्या बाजूला उभं राहून त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"टाळी स्वतः धर. विराम घेऊ नकोस. सरळ गा."

त्यानं हातावर ताल धरला आणि चीज सुरू केली. गळा चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. गच्चीवरून बुवांची सून सुनंदा पापडांचं ताट घेऊन खाली येत होती.

"ढरन लाग्यो दिन..."

"बाजूला हो," बुवा म्हणाले. "माणसांना आत जाऊ दे."

निरंजन भिंतीला चिकटला. गळा थांबला. हात मात्र सवयीनं ताल देत राहिला. सुनंदा ताट सांभाळत उंबऱ्यातून आत गेली. निरंजनने पुढचा शब्द उचलला.

"...छाँव बढी आँगन."

आणि तो तिथंच थांबला. हातही थांबला.

"भावजी, तुम्हाला का उन्हात उभं केलंय?" सुनंदा आतून म्हणाली. "काय चोरलंत?"



"दोन मात्रा," निरंजन पुटपुटला.

"दोनच," बुवा म्हणाले. "शेवंताबाई अंगानं बारीक होत्या. सरायला वेळ लागला नाही."

निरंजन आत आला. बसावं की नाही, हे त्याला कळेना.

"मंडळाच्या परिषदेला त्यांना रीतसर निमंत्रण होतं," बुवा म्हणाले. "पत्राचा मसुदा मीच केला होता, सही चिटणिसांची. बाई कवठ्याहून बैलगाडीनं आल्या. दारात त्यांना सांगण्यात आलं, आत घरंदाज बायका बसल्यात. मी वही घेऊन पायरीवर बसलो. त्या उभ्या राहून गायल्या. मंडळी आत जात होती. कुणीतरी म्हणालं, बाई, सरा जरा. त्या सरल्या. हात थांबला नव्हता त्यांचा."

"आणि तुम्ही तसंच लिहून घेतलंत."

"ऐकलं तसं."

"पण बुवा... नंतर काढून टाकता आला असता तो विराम."

बुवांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"कोणाच्या सोयीसाठी?"

बाहेर गल्लीत कोणीतरी तंबोऱ्याचा भोपळा खरवडत होतं. 

"हे छापलं तर मंडळ ग्रंथ मागे घेईल," निरंजन शेवटी म्हणाला. "सभागृहाला शंभर वर्षं होतायत. आणि त्या परिषदेच्या वेळी आताच्या अध्यक्षांचे आजोबाच चिटणीस होते."

"ठाऊक आहे. मी त्या आजोबांनाही लिहिलं होतं, अध्यक्षांच्या वडिलांनाही, अध्यक्षांनाही. माझ्या पत्रांच्या नकला तुला दिल्या होत्या. त्यातली मंडळाला लिहिलेली पत्रं कुठल्या पानावर आहेत?"

निरंजनने मान खाली घातली. "सगळ्यांत एकच मजकूर होता बुवा. पुनरुक्ती होते, म्हणून गाळली."

"एकच मजकूर होता," बुवा म्हणाले. "खरं आहे."

निरंजनने पिशवीतून संमतीपत्र काढलं, त्यावर पेन ठेवलं, दोन्ही बुवांसमोर सरकवली. त्याचा आवाज उतरला होता.

"मग रविवारचं काय करू? सगळे विचारतील. काय सांगू त्यांना?"

बुवांनी पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्या खिशाला अडकवलं.

"सांग, आधी मंडळाचं उत्तर येऊ दे. बाईंना दारात कुणी अडवलं, एवढंच पत्रांत विचारलंय. प्रत्येक वेळी जबाबी कार्ड पाठवलंय... तिकीटसुद्धा लावायला नको."