बिननावाच्या उस्तादांचा झरा

जावा बेटावर सुंदा लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या चिलुंबू गावात फार वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी दुपारी बरोबर एक वाजता, माणसं नमाज आटोपून बाहेर पडली तेव्हा हे सुरू झालं.

गावात झरा एकच. त्यात पीर राहतो असं मानत, म्हणून बायका तिथं भात, अंडी, फुलं सोडत, धूप लावत. झऱ्यात हात घालायचा नाही, पीर कोपतो. सोडलेला भात तळाशी कुजायचा आणि तेच पाणी लेकरं प्यायची. त्या वर्षी घरोघरी लेकरांना जुलाब लागले. मग आया आणखी भात सोडायला लागल्या. आईचा जीव, दुसरं काय सुचणार.

त्या काळी सुंदा मुलखात काही उस्ताद, म्हणजे धर्म शिकवणारे गुरुजी, गावोगाव सांगत, की मागायचं ते अल्लाकडेच, झऱ्याकडे नाही आणि कबरीकडेही नाही. चिलुंबूतही असे एक उस्ताद होते. त्यांची स्वतःची लेक युयुम डोळे उघडेना झाली होती. त्या दुपारी ते मशिदीतून निघाले ते फावडं, टोपली घेऊन थेट झऱ्यात उतरले.

काठावरून म्हातारी रूमसिह म्हणाली, "पोर गेली तर तुझ्याच हातानं गेली म्हणू आम्ही."

"म्हणा. आणि वाचली तर?"

"तर तुझ्या पाया पडू."

"ते नको," उस्ताद म्हणाले, "त्यापेक्षा ही टोपली धरा."

असं म्हणतात, गाळ उपसता उपसता खालचा खडक दुभंगला आणि असं पाणी उसळलं की पलीकडच्या डोंगराचीही भातखाचरं भरली. ते पाणी पोटात गेलं आणि संध्याकाळी युयुमनं उठून भात मागितला. बाकीची लेकरंही सावरली.

पुढं उस्ताद वारले. आणि झालं काय, त्यांचंच ऐकणारे लोक त्यांच्या कबरीवरची माती नेऊन लेकरांच्या पाण्यात कालवायला लागले. पुन्हा जुलाब सुरू. युयुम तोवर आई झाली होती. तिनं कुदळ घेतली आणि झऱ्याचा पाट बापाच्या कबरीवरून वळवला.

"बापाची कबर बुडवलीस गं," रूमसिहची सून म्हणाली.

"त्यांचंच ऐकलं," युयुम म्हणाली आणि तिथं भाताची रोपं लावली. असं म्हणतात, त्या साली एकेका लोंबीला पसाभर दाणा धरला.

आजही रमजान लागायच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारी एक वाजता, चिलुंबूच्या आया झऱ्यात उतरून गाळ काढतात. उस्तादांचं नाव कुणी घेत नाही, आता ते कुणाला ठाऊकही नाही. गाव त्यांच्यासाठी एवढंच करतं.

कबर कुठल्या खाचरात आहे ते विचारू नका. लेकरांच्या पाण्यात काही कालवायचं नाही, एवढं मात्र शेजारणीला सांगा, आणि तिला म्हणावं, तूही पुढं सांग.