फणसाची गिटार

फार वर्षांपूर्वी सावंतवाडीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाबल मेस्तांच्या दुकानात एक जुनी गिटार दुरुस्तीला आली. तिच्या पाठीला चीर पडली होती आणि आवाज बसला होता. अंगावर मात्र काळपट पॉलिश चमकत होतं, म्हणून शेजारच्या व्हायोलिनला तिने थाटात सांगितलं, "मी शिसवाची."

खरं तर ती होती फणसाची. पण व्हायोलिन हसेल याची तिला भीती वाटली.

पॉलिश पाहून मेस्तही फसले. ते शिसवाचं ठिगळ कापायला बसले, तशी गिटार चरकली. कडक शिसव आणि मऊ फणस यांचं एक उन्हाळाही जमलं नसतं. चीर वाढून ती कायमची मुकी झाली असती.

"मेस्तानू, थांबा," ती कशीबशी म्हणाली, "माझ्या पोटात बघा."

मेस्तांनी भोकातून छोटा आरसा आत घातला. आत पॉलिश नव्हतं. लाकूड हळदीसारखं पिवळं होतं.

"अगो, तू तर फणसाची!" म्हणत त्यांनी फणसाचा तुकडा शोधून काढला.

व्हायोलिन खिदळलं. "मग तुझ्यात गरे किती गो?"

तुकडा सरसाने चिरेवर बसला. सरस वाळल्यावर मेस्तांनी तारा छेडल्या आणि दुकानभर आवाज घुमला.

"मोज आता," गिटार म्हणाली.