लवूचे मशीन आणि गावाची होळी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक लाकूडतोड्या होता. नाव त्याचे लवू. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत होती. गाव तिला नुसते मशीन म्हणे, आणि लवू तर दुसरे काही बोलतच नसे. चार गड्यांचे दिवसाचे काम मशीन घटकेत करते, हे त्याने प्रत्येकाला दोनदा तरी ऐकवले होते.

त्या गावात शिमग्याच्या होळीला घरटी एक लाकूड देण्याची रीत होती. त्या वर्षी लवूने देवळापुढच्या बैठकीत सांगून टाकले, की यंदा कोणी काही आणू नये. सगळे लाकूड तो एकटा पुरवील, आणि खाडीपलीकडचा गाव तोंडात बोट घालील अशी होळी उभी करील. म्हाताऱ्या भागीरथीकाकींनी आपली एक वाळकी फांदी काढून ठेवली होती. लवू हसून म्हणाला, "काकी, त्या काडयेन चूल तरी पेटात काय?" काकींनी ती फांदी चुलीमागे नेऊन ठेवली. लोकांनीही आपापली लाकडे घरातच ठेवली.

होळीच्या सकाळी लवू एकटाच खालच्या ओहोळात उतरला. तिथे वादळात पडलेला ऐनाचा वृक्ष वर्षभर वाळत होता. मशीन कडाडले, भुसा उडाला आणि जेवणवेळेपर्यंत बारा जाडजूड ओंडके तयार झाले. लवूची छाती फुगली. ती तशीच राहिली असती, पण त्याने पहिला ओंडका उचलायला घेतला. तो तसूभरही हलेना. गावात जायची वाट म्हणजे दगडी पायऱ्यांची उभी पाखाडी. तिथे बैलगाडी चढत नाही, मग ट्रॅक्टरचे काय घेऊन बसलात? ओंडक्यांचे तुकडे केले, तरी एकट्याच्या खेपा संध्याकाळपर्यंत संपणार नव्हत्या. मशीनला कापता येत होते, वाहता येत नव्हते.

लवू ओंडक्यावर बसून राहिला. ऊन उतरू लागले. होळी झाली नाही, तर वाडवडिलांची रीत त्याच्यामुळे मोडणार होती. मदत मागायची, तर ज्यांना नको म्हटले त्यांच्याच दारात उभे राहायचे. त्याला फार लाज वाटली. तरी तो उठला, पाखाडी चढला आणि पहिल्याच घरासमोर थांबला. घर भागीरथीकाकींचे होते.

"काकी, माझा चुकला," तो म्हणाला. "लाकडा तोडलंय, पण एकट्याक उचलणत नाय."

काकींनी पदर खोचला. "लाकूड नको म्हटलंस. खांदो नको, असा खंय म्हटलंस?"

त्यांनी अंगणातूनच शेजाऱ्यांना हाका घातल्या. बघता बघता घरे रिकामी झाली. दोरखंड आले, बांबू आले. एकेका ओंडक्याखाली आठ-आठ खांदे लागले, आणि सगळ्यांत जड ओंडक्याला पुढून लवूने खांदा दिला. दिवेलागणीला दोन पुरुष उंच होळी पेटली. तिचा उजेड खाडीच्या पाण्यावर पसरला, आणि सारा गाव ताठ मानेने तो पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडचे लोक मुद्दाम मशीन बघायला आले. लवूने ते बाहेर काढलेच नाही. त्याने सदऱ्याची गुंडी सोडून आपला सोलवटलेला खांदा दाखवला, आणि त्याच्यासोबत कोणी कोणी खांदा दिला, त्यांची नावे एकेक करून अभिमानाने सांगितली.

तात्पर्य: यंत्राने काम झटपट होते, पण गावाचे कार्य सगळ्यांचे खांदे लागल्याशिवाय उभे राहत नाही; आणि असा खांदा मागताना कोणाची मान खाली जात नाही.