पुंडलिकाची एकुलती एक लेन्स

एका गावात एक भोळा गृहस्थ राहत होता. गाव आमचंच आणि गृहस्थ आमच्या भिंतीपलीकडचा, म्हणून हे सगळं मी खात्रीनं सांगते. मी काही भिंतीला कान लावत नाही. पण भिंत एकच, आणि तीही पातळ.

गृहस्थाचं नाव पुंडलिक. त्याची बायको मालन. दोघांच्या लग्नाला वीस वर्षं होत आली, पण दोघांचा मिळून एकही फोटो नाही. लग्नात फोटोवाला रोल घालायलाच विसरला होता. दोन दिवस नुसता कॅमेरा चमकवला आणि जेवून गेला.

मालन म्हणाली, "विसाव्या वर्षी तरी मला समुद्रावर न्या. तिथं दोघांचा एक फोटो काढायचा. दुसरं मला काही नको."

पुंडलिकानं पुण्याच्या चुलतभावाकडून मोठा कॅमेरा आणला. जुना, पण चांगला. फक्त पुढची लेन्स नव्हती. ती घ्यायला पुंडलिक कोल्हापूरला गेला.

दुकानदार म्हणाला, "कॅमेरा कुठाय?"

"घरी."

"अहो, वस्तू घ्यायला येताना ती ज्याला बसवायची, ते बरोबर आणायचं असतं."

पुंडलिकाला पटलं. तो तसाच परत आला.

दुसऱ्या दिवशी मालन म्हणाली, "अहो, पुढच्या दाराची कडी मोडलीय. तालुक्याहून नवी आणा."

पुंडलिकानं दार बिजागऱ्यांतून काढलं, खांद्यावर घेतलं आणि एसटीत चढला. कंडक्टरनं दाराचं अर्धं तिकीट फाडलं. कडी मात्र अगदी फिट बसली. तोवर इकडे उघड्या घरात शेळी शिरली आणि भाकरीची दुरडी रिकामी करून गेली. शेळी आमचीच होती. मी तिला दोष देत नाही.

मालन कपाळाला हात लावून म्हणाली, "अख्खं दार कशाला न्यायचं? दोरीनं माप घ्यायचं, आणि ती दोरी न्यायची!"

"हे दुकानदारानं सांगितलंच नाही," पुंडलिक म्हणाला.

चार दिवसांनी तो पुन्हा कोल्हापूरला गेला. दुकानदारासमोर त्यानं खिशातून सुतळी काढली.

"हे काय?"

"कॅमेऱ्याच्या तोंडाचं माप. गाठीपासून गाठीपर्यंत."

दुकानदार चांगला माणूस होता. तो आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, "दादा, सुतळीवर लेन्स बसत नाही. कॅमेराच आणा. आणि एक ध्यानात ठेवा. महागाची वस्तू स्वतः वापरून बघितल्याशिवाय घ्यायची नाही."

पुंडलिकानं ध्यानात ठेवलं.

त्याच आठवड्यात आक्काआत्याची नवी कवळी तयार झाली. आक्काआत्या म्हणजे पुंडलिकाची थोरली आत्या, तोंडानं तिखट. ती म्हणाली, "पुंडलिका, दाताच्या डॉक्टरकडून माझी कवळी घेऊन ये रे."

वस्तू महागाची होती. पुंडलिकानं ती तिथंच तोंडात घातली. एक पेरू खाल्ला. मग एक चिक्की खाल्ली. चिक्कीला एक दात चिकटून आला, तोही त्यानं कागदात नीट बांधून आणला.

"वापरून बघितली आत्या. पेरूला चांगली आहे. चिक्कीला जरा कच्ची."

आत्या बिनदातांची ओरडली, "मुडद्या, ज्याची वस्तू त्यानंच वापरायची! दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही!"

तिसऱ्या खेपेला पुंडलिक कॅमेरा घेऊन गेला. दुकानदाराला हायसं वाटलं. त्यानं लेन्स बसवून दाखवायला हात पुढे केला. पुंडलिकानं कॅमेरा पोटाशी धरला.

"ज्याची वस्तू त्यानंच वापरायची."

"बरं बाबा, तुम्हीच बसवा." दुकानदारानं काचेवर चार लेन्स मांडल्या. "ही लग्नकार्याला. ही पाखरांना. ही फुलं-किडे जवळून काढायला. आणि ही प्रवासाची."

"प्रवासाचीच का?"

"हिच्यात सगळं आलं. ही एकटी घेतली की भागतं, बाकीचं ओझं घरी ठेवायचं. लांबचं जवळ आणते. तुम्ही जागचं हलायचं नाही, नुसतं हे कडं फिरवायचं."

"आणि दोघांचा फोटो?"

"कॅमेरा दगडावर ठेवा, हे बटण दाबा आणि समोर जाऊन उभे राहा. दहा सेकंदांनी आपोआप निघतो."

पुंडलिकानं तीच घेतली. घरी येऊन अंगणातून देवळाच्या कळसावर धरली आणि कडं फिरवलं. कळस इतका जवळ आला, की त्यानं हात पुढे करून चाचपून बघितलं.

"मालन, हिच्यापुढं काहीच लांब नाही!"

"मग झालं तर," मालन म्हणाली. वीस वर्षांत ती नवऱ्यावर पहिल्यांदाच खूश झाली होती. तिनं लग्नातला शालू उन्हात टाकला. मला दोनदा दाखवून गेली.

जायचा दिवस उजाडला. गाडी आठाची होती. मालन सातालाच शालू नेसून, गजरा माळून तयार. पुंडलिक कुठंच दिसेना. कॅमेराही नाही. चहाच्या कपाखाली चिठ्ठी होती. तिला चष्मा सापडेना, म्हणून मी वाचली. म्हणजे मी तिथं होतेच.

'मालनीस. पहाटेच्या गाडीनं पुढं जात आहे. एकट्यावर भागतं, बाकीचं ओझं घरी ठेवायचं, असं दुकानदारानं सांगितलं आहे. तिकीट एकच काढलं. राग मानू नको. तू बरोबर बारा वाजता ओट्यावर उभी राहा, तोंड समुद्राकडं. जागची हलू नको. मी तुला जवळ आणतो.'

मालन ओट्यावर बसली आणि गजरा काढून मांडीवर ठेवला. मी चहा केला, तो तिनं घेतला नाही.

बरोबर बाराला फोन वाजला. तिनं तो मोठ्या आवाजावर टाकला. लाटांचा आवाज इथपर्यंत आला.

"मालन, उभी आहेस ना? कॅमेरा खडकावर ठेवलाय. माझ्या शेजारी तुझी जागा मोकळी सोडलीय. तीन वेळा बटण दाबलं, तीनदा एकटाच निघालो."

"मी काय करू आता?" मालन दातओठ खात म्हणाली.

"कडं शेवटपर्यंत फिरवलंय, आणखी फिरत नाही. तूच जरा डावीकडं सरक. मधे सह्याद्री येतोय."