तांबडी कोंबडी आणि गार अंडी

शाळेच्या बाई हात धुऊन मागे लागल्या म्हणून सांगतोय, नाहीतर मला कामं कमी नाहीत. मुकाट्यानं ऐका.

लई वर्षांमागं एक तांबडी कोंबडी आठ अंड्यांवर खुडूक बसली होती. पान हललं की उठायची. मुंगूस आलं का, बघून यायची. आभाळ भरलं का, बघून यायची. मुंगूसही नव्हतं, आभाळही कोरडंच होतं.

शेजारी बांधलेली म्हातारी शेळी वैतागली. "अगं तांबडे, अंड्यांना चोच लावून बघ."

अंडी गार पडत चालली होती. कोंबडी रडकुंडीला आली. "पण मुंगूस आलंच तर?"

"तर मी बोंबलेन, माझं तोंड काय बांधलेलं नाही. तू बस आणि ऊब दे."

कोंबडी बसली. पान हललं की छाती धडधडायची, पण ती पंख आणखी पसरून पिल्लांची चिवचिव मनात आणायची.

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. आठवं अंडं गारच राहिलं. ते तिथंच ठेवून ती सातांना घेऊन दाणे टिपायला गेली.

ही झाली गोष्ट. यंदा माझ्या घरच्या कोंबडीखाली एकही पिल्लू निघणार नाही म्हणून चारचौघांत हसला होता आमचा शेजारी सर्जेराव खोमणे. तिची पाच निघाली. त्यानं माफी अजून मागितलेली नाही.