पापण्या नसलेल्या बाया

एकदा काय झालं, एका राजाची झोप उडाली. एकट्या राजाची नाही हं, सगळ्या राजवाड्याची. पण ते मागाहून. आधी हौसा कोण ते ऐका. आणि नंदू, पाय पांघरुणात घे.

हौसा होती कुंभारीण. तिचा नवरा गुणाजी मडकी घेऊन डोंगरापलीकडच्या बाजाराला गेला, तो आलाच नाही. पौर्णिमा गेली, अमावास्या गेली. हौसाचा जीव थाऱ्यावर राहीना. भाकरी थापायला बसली की उठून दारात जायची. पाण्याला निघाली की अर्ध्या वाटेतून परतायची. न जाणो, तेवढ्यात तो आला तर? हात तर गप्प बसेनात. मग ती माती मळायची आणि बाया करायची.

बाया तरी कशा? मान बगळ्यासारखी लांब. तोंड एवढंसं. हात नाहीतच. डोळे मात्र हे एवढाले, आणि त्यांना पापण्याच नाहीत. अशा तीन बाया झाल्या. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजून लालबुंद निघाल्या.

मग एकदा तिथून राणीची पालखी चालली होती. राणीला त्या बाया फार आवडल्या.

हौसा म्हणाली, "राणीसाहेब, या घरात ठेवू नका. माझ्या मनाला चैन नव्हतं, तेव्हा केल्यात."

राणी हसली आणि बाया घेऊन गेली.

दिवेलागणीला राजवाड्यात आवाज आला. टक, टक, टक. कोनाड्यातल्या बाया उतरून खिडकीशी गेल्या नि माना लांब करून बाहेर बघत बसल्या. झालं. तेव्हापासून राजवाड्यात कोणाला स्वस्थता म्हणून नाही. आचारी पळी हातात घेऊन दारात उभा.

"काय बघतोस रे?"

"कोणीतरी यायचंय."

"कोण?"

"ते नाही ठाऊक."

पहारेकरी येरझारा घालतायत. राजा गादीवर पडतोय, उठतोय, पुन्हा पडतोय. सगळे वाट बघतायत, आणि कोणाची ते कोणालाच माहीत नाही, बरं का.

मग प्रधानाने बायांच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. ते गळून पडलं. मग चिताऱ्याने पापण्या रंगवल्या. त्या जुन्या चुन्यासारख्या सुटून पडल्या. मग राजाने स्वतः बायांना पेटीत घालून कुलूप लावलं. तर पेटीच खिडकीशी चालत गेली. टक, टक, टक.

राजा म्हणाला, "फोडून टाका."

राणी म्हणाली, "थांबा. जिनं केल्या तिला आधी विचारू."

हौसा आली. पेटी उघडली. बायांनी लगेच माना बाहेर काढल्या. हौसाने त्यांची नजर धरून खिडकीबाहेर पाहिलं, आणि ती राजाकडे वळली.

"महाराज, मी इतके दिवस वाटेकडे बघत होते. या वाटेकडे बघत नाहीत. या काळ्या कड्याकडे बघतायत. मला तिकडे जाऊ द्या. काय दिसेल त्याची भीती वाटते, पण जाऊ द्या."

राणी म्हणाली, "मीही येते. इथे तरी कुठे बसवतंय मला."

मग हौसाने बाया पाटीत घेतल्या, पाटी डोक्यावर घेतली, आणि दोघी निघाल्या. बायांच्या माना वळतील तिकडे राणी बघायची, म्हणायची, "आता डावीकडे." काटे लागले, लुगडी फाटली. चालत चालत कड्याखाली आल्या. तिथे एक झरा होता. झऱ्याशी एक म्हातारी बसली होती, केस पांढरे, जमिनीवर लोळणारे. आणि तिच्याशेजारी गुणाजी. वाळलेला, पण जिवंत.

"अगं हौसा, तीनदा पळालो मी. तिन्ही वेळा वाट फिरून इथेच आली."

म्हातारी म्हणाली, "याला नेऊ नका. जग झालं तेव्हापासून हा झरा मी राखतेय. मला डुलकी लागली की झरा आटेल, आणि खालची सगळी गावं तहानेने मरतील. हा बोलतो, म्हणून मी जागी राहते."

हौसाला असा संताप आला होता. पण तिने म्हातारीच्या डोळ्यांकडे पाहिलं. लाल, सुजलेले. तिचे स्वतःचे डोळे तसेच झाले होते.

मग तिने तिन्ही बाया झऱ्याभोवती मांडल्या.

"आजी, यांना पापण्या नाहीत. या कधीच झोपायच्या नाहीत. या राखतील. तुम्ही जरा पडा."

"आणि झरा आटला तर?"

"तर गुणाजीबरोबर मीही इथेच राहीन."

म्हातारीने हौसाच्या मांडीवर डोकं टेकलं. डोळे मिटले. आणि झरा बारीक झाला. आणखी बारीक झाला. अगदी दोऱ्याएवढा. गुणाजीने हौसाचा हात घट्ट धरला. कोणी श्वाससुद्धा घेईना.

मग तिन्ही बायांनी हळूच माना वाकवल्या आणि पाण्यावर नजर ठेवली. झरा खळखळ वाहू लागला.

राणीने आपला शेला घडी करून म्हातारीच्या उशाला दिला, आणि तिघंही पाय न वाजवता निघाली. या वेळी वाट सरळ गावात गेली.

राजवाड्यात आचारी चुलीपाशीच आडवा झाला होता. राजा घोरत होता. हौसा घरी आली ती चटईवर पडताक्षणी झोपली. गुणाजीने भाकऱ्या केल्या. वाकड्यातिकड्या झाल्या, पण सकाळी तिने पोटभर खाल्ल्या. पुढे दोघं सुखाने नांदली.

आणि ती म्हातारी? ती अजून झोपलीय म्हणतात. किती युगांची झोप राहिली होती तिची. तिला जाग येईल असं आता कोणी बोलायचं नाही. यमू, तूसुद्धा. वळा कुशीवर, आणि मिटा डोळे.